पच्चय आणि वायाम : कुटुंब, संस्कृती व अर्थस्थिती यांसंबंधी बुद्धदेशना

वर्षावासातील सुत्तवाचनाच्या एका वर्गात एका तरुण उपासकाने आम्हांस एक प्रश्न विचारला. तो बँकेत नोकरीस आहे. त्याचा थोरला भाऊ गावी दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतो. दोघे एकाच आईबापांची मुले, एकाच घरात वाढलेली. मग एकाचे आयुष्य असे आणि दुसऱ्याचे तसे का झाले? गावाकडचे नातेवाईक म्हणतात, 'ज्याचे त्याचे नशीब.' शहरातले शिकलेले मित्र म्हणतात, 'भावाने कष्ट घेतले नाहीत, तुम्ही घेतलेत.' धम्माच्या दृष्टीने यांपैकी खरे उत्तर कोणते?

प्रश्न एका घरातला असला तरी एका घरापुरता नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या पिढ्यांत आपल्या समाजातील काही घरे शिक्षणाच्या व नोकरीच्या बळावर वर आली. काही घरे मात्र तेथेच राहिली. पुष्कळदा ही दोन्ही घरे एकाच भावकीतली असतात. 'नशीब' हे उत्तर आपण धम्मदीक्षेबरोबर मागे टाकले असे मानतो, जरी ते अधूनमधून जिभेवर येत असले तरी. परंतु दुसरे उत्तर आपल्यातील शिकलेल्या वर्गात नव्याने रुजू लागले आहे. ते आधुनिक दिसते म्हणून त्याची शंकाही येत नाही. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे एकाच चुकीची दोन रूपे आहेत. माणूस कोणत्या घरात, कोणत्या रीतिरिवाजांत आणि कोणत्या आर्थिक स्थितीत वाढला, हा विचार दोन्ही उत्तरे सारखीच टाळतात. पालि तिपिटकात मात्र हा विचार ठिकठिकाणी व सुसंगतपणे आलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याची ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. तीन मते आणि त्यांचा निषेध

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील तित्थायतन सुत्तात भगवान बुद्धांनी आपल्या काळच्या तीन मतांचा परामर्श घेतला आहे. माणसास जे सुख, दुःख किंवा उपेक्षा अनुभवास येते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच येते, हे पहिले मत. यास 'पुब्बेकतहेतु' म्हटले आहे. ते सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे येते, हे दुसरे मत, 'इस्सरनिम्मानहेतु'. ते सर्व कारणावाचून व प्रत्ययावाचून, म्हणजे केवळ योगायोगाने येते, हे तिसरे मत, 'अहेतु-अप्पच्चय'. तथागतांनी तिन्ही मते नाकारली. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तर हत्या करणारा पूर्वकर्मामुळे, ईश्वरामुळे किंवा योगायोगाने हत्या करतो असे म्हणावे लागेल. मग अमुक करावे आणि अमुक करू नये हा भेदच उरणार नाही. काही करण्याची इच्छा म्हणजे 'छंद' आणि त्यासाठीचा प्रयत्न म्हणजे 'वायाम', या दोहोंनाही जागा राहणार नाही.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. बुद्धांनी योगायोगवाद नाकारला, याचा अर्थ कारणे असतात असे त्यांनी ठामपणे सांगितले. आणि पूर्वकर्मवाद नाकारला, याचा अर्थ ती कारणे सगळीच्या सगळी माणसाच्या मागील जन्माच्या गाठोड्यात बांधलेली नसतात, असेही सांगितले.

हाच मुद्दा संयुत्त निकायातील सीवक सुत्तात अधिक तपशिलाने येतो. मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात येऊन हाच प्रश्न विचारतो. त्यास उत्तर देताना बुद्ध वेदनांची आठ कारणे गणतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतूंतील बदल, विषम आहार-विहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांपैकी सात कारणे शरीराची, ऋतूची व परिस्थितीची आहेत. कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक. जे लोक सर्वच वेदना पूर्वकर्मावर ढकलतात ते स्वतःच्या अनुभवास कळणारी आणि जगात सत्य म्हणून मान्य असलेली गोष्ट ओलांडून बोलतात, असा अभिप्राय बुद्धांनी तेथे दिला आहे. उन्हात राबणाऱ्या मजुरास ऊन लागते ते ऊन असते म्हणून. त्यासाठी त्याच्या मागील जन्माचा शोध घेण्याचे कारण नाही.

२. अर्थस्थिती : दारिद्र्यातून काय काय उपजते

माणसाच्या जीवनास आकार देणाऱ्या कारणांत अर्थस्थितीस बुद्धांनी किती महत्त्व दिले होते हे दीघ निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तावरून दिसून येते. धम्माने राज्य करणाऱ्या राजांच्या कर्तव्यांत तेथे दोन गोष्टी सांगितल्या आहेत: प्रजेचे रक्षण करणे, आणि राज्यात जे निर्धन असतील त्यांना धन देणे. वंशातील एका राजाने पहिले कर्तव्य पाळले. दुसरे मात्र पाळले नाही. सुत्तकाराने हे नेमक्या शब्दांत नोंदविले आहे. राज्यात बंदोबस्त होता, पण निर्धनांना धन मिळाले नाही.

त्यानंतरचा क्रम वाचकांनी लक्षपूर्वक पाहावा. धन न दिल्यामुळे 'दाळिद्दिय' म्हणजे दारिद्र्य वाढले. दारिद्र्य वाढल्यामुळे चोरी वाढली. पहिला चोर राजापुढे आणला गेला तेव्हा, आपणास जगता येत नाही, एवढेच कारण त्याने सांगितले. राजाने त्यास धन दिले. ते ऐकून इतरही चोरी करू लागले, तेव्हा राजाने धोरण बदलून शिरच्छेद सुरू केला. ते पाहून लोकांनीही शस्त्रे घडविली व वाटमारी आरंभिली. मग हत्या वाढली, खोटे बोलणे वाढले, चहाडी, दुराचार, कठोर वाणी, लोभ, द्वेष व मिथ्यादृष्टी वाढली. या साखळीच्या अगदी शेवटी आई, बाप आणि कुळातील वडीलधारी माणसे यांच्याविषयीचा आदर नाहीसा झाला.

आपल्याकडील उपदेशक हा क्रम बहुधा उलटा सांगतात. आधी घरचे संस्कार गेले, म्हणून मुले बिघडली, म्हणून गुन्हे वाढले व दारिद्र्य आले, अशी त्यांची मांडणी असते. सुत्तातील क्रम याच्या नेमका विरुद्ध आहे. तेथे कुटुंबाचे विघटन हा साखळीचा आरंभ नसून परिणाम आहे. कोणत्याही वस्तीतील व्यसन, भांडण वा शाळागळती पाहून तेथील आईबापांस दोष देण्यापूर्वी हे सुत्त एकदा वाचावे, असे आम्ही सुचवितो.

राजाने पहिल्या चोरास धन दिले होते, तरीही अनर्थ का टळला नाही? या प्रश्नाचे उत्तर दीघ निकायातीलच कूटदन्त सुत्तात सापडते. मगधातील खाणुमत गावी कूटदन्त ब्राह्मणाने मोठ्या यज्ञाची तयारी चालविली होती. शेकडो बैल, कालवडी, बकरे व मेंढे बळीसाठी आणलेले होते. यज्ञ कसा करावा हे विचारण्यास तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्यास महाविजित राजाची कथा सांगितली. त्या राजालाही यज्ञ करावयाचा होता, पण राज्यात चोर-लुटारूंचा उपद्रव होता. त्याच्या पुरोहिताने सल्ला दिला की, अशा स्थितीत करवाढ करणे योग्य नाही. आणि फाशी, तुरुंग, दंड वा हद्दपारी यांनी हा उपद्रव समूळ जाणार नाही, कारण मागे उरलेले पुन्हा त्रास देतील. त्याऐवजी जे शेती व पशुपालन करू इच्छितात त्यांना बी-बियाणे व अन्न ('बीजभत्त') द्यावे, जे व्यापार करू इच्छितात त्यांना भांडवल ('पाभत') द्यावे, आणि जे राजसेवा करतात त्यांना अन्न व वेतन ('भत्तवेतन') द्यावे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामास लागले, महसूल वाढला, उपद्रव शमला. घरांना दारे लावण्याची गरज उरली नाही आणि लोक मुलांना अंगाखांद्यावर खेळवीत आनंदाने राहू लागले.

दोन्ही सुत्तांतील राजांनी धन दिले. मात्र एकाने ते गुन्हा घडल्यावर, समोर आलेल्या एकट्या माणसास दिले. दुसऱ्याने ते गुन्हा घडण्यापूर्वी, प्रत्येकाच्या कामधंद्यास अनुरूप आणि सर्वांना दिले. पहिले दान होते, दुसरी व्यवस्था होती. घरोघरची मुले अंगाखांद्यावर खेळू लागली ती या व्यवस्थेमुळे, हे चित्र बुद्धांनी मुद्दाम रेखाटले आहे.

दारिद्र्य घरात कसे पसरते याचे वर्णन अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातातील इण सुत्तात आहे. संसारी माणसास दारिद्र्य हे दुःख आहे. दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःख. त्यावर व्याज चढते. व्याज थकले की तगादा लागतो, मग सावकाराची माणसे पाठीस लागतात, आणि शेवटी तो बांधला जातो. या सुत्तात हा क्रम सद्गुणांच्या दारिद्र्याची उपमा म्हणून आलेला आहे, हे खरे. परंतु उपमा ऐकणाऱ्याच्या अनुभवातून घ्यावी लागते. या सहा पायऱ्या श्रोत्यांना परिचित होत्या म्हणूनच बुद्धांनी त्या योजिल्या. लग्नासाठी वा दवाखान्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते फेडताना मुलाची शाळा सुटली, अशी घरे आपल्या ओळखीत आहेत. त्यांना या सुत्ताचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील एक प्रसंग येथे नोंदविण्याजोगा आहे. आळवी नगरात देशना ऐकण्यास निघालेल्या एका शेतकऱ्याचा बैल हरवला. तो शोधून, उपाशीपोटी, उशिरा तो सभेत पोहोचला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्यास जेवू घालावयास सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच देशनेस आरंभ केला. भुकेल्या माणसाच्या मनात धम्म उतरत नाही, हे शास्त्यांनी कृतीने दाखविले.

३. कुटुंब : वारसा काय मिळतो

कुटुंबाविषयी बोलताना आपण सिगालोवाद सुत्ताचा नेहमी आधार घेतो. परंतु त्या सुत्ताच्या आरंभाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रानिशी सहा दिशांना हात जोडीत होता. कारण विचारता तो म्हणाला की, वडिलांनी मरणसमयी तसे सांगितले होते. त्या नमस्काराचा अर्थ त्यास ठाऊक नव्हता. घरातून आलेली रीत तो आदराने पाळीत होता, इतकेच. संस्कृती माणसात उतरते ती अशीच, प्रियजनांच्या शब्दातून आणि अर्थावाचून. बुद्धांनी त्या तरुणाचा पित्याविषयीचा आदर दुखावला नाही. त्यांनी सहा दिशा तशाच ठेवून त्यांचा आशय बदलला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण.

यांत आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: वाईटापासून आवरणे, चांगल्यास लावणे, शिल्प म्हणजे विद्या-कसब शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा ('दायज्ज') सोपविणे. यांतील तिसरे व पाचवे कर्तव्य केवळ सदिच्छेने पार पडत नाही. शिल्प शिकविण्यास शिल्प मिळविण्याची मुभा लागते आणि वारसा सोपविण्यास तो हाती असावा लागतो. ज्या आईबापांना समाजाने विद्या नाकारली आणि मालमत्ता नाकारली, त्यांनी मुलांना काय सोपवावे? म्हणूनच बुद्धांनी त्याच सुत्तात खालच्या दिशेविषयी मालकाचीही पाच कर्तव्ये सांगितली: शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. कामगाराच्या घरचे आईबाप आपली पाच कर्तव्ये पार पाडू शकतील की नाही, हे मालकाने आपली पाच पाळली की नाही यावर पुष्कळसे अवलंबून असते. सहा दिशा एकमेकींपासून तोडून वाचता येत नाहीत.

आपल्या पूर्वजांचे 'दायज्ज' काय होते? वतन. महार वतनाखाली तुटपुंज्या इनाम जमिनीच्या व बलुत्याच्या बदल्यात अहोरात्र सरकारी कामास हजर राहावे लागे. वतनदार घरी नसल्यास त्याच्या घरातील दुसऱ्या माणसास कामास जुंपले जाई. १८७४ च्या कायद्याने ही वंशपरंपरागत चाकरी बांधून टाकली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन हे उत्पन्न नसून बंधन आहे, एका माणसावरील नव्हे तर सबंध कुटुंबावरील बंधन आहे, हे त्यांनी ओळखले होते. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. बाप मुलास दास्यच वारसा म्हणून देतो, अशी व्यवस्था असता त्या मुलाच्या मागासपणाचे कारण त्याच्या पूर्वजन्मात शोधणे हा अज्ञानाचा प्रकार नव्हे. तो अन्यायास घातलेला पडदा होय.

४. संस्कृती : 'घोस' आणि तिचे सामर्थ्य

जात ही निसर्गाची रचना नसून माणसांनी ठरविलेला व्यवहार आहे, ही बुद्धांची भूमिका वाचकांस परिचित आहे. वासेट्ठ सुत्तात गवत, झाडे, कीटक, पशू, पक्षी यांच्यांत जन्मजात भेद असतात, माणसांत तसे नाहीत, असे प्रतिपादन आहे. अस्सलायन सुत्तात, योन व कंबोज या सीमाप्रदेशांत आर्य व दास असे दोनच वर्ग असतात आणि तेथे आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, असा दाखला बुद्धांनी दिला आहे. प्रदेश बदलला की समाजाची रचना बदलते. जी प्रदेशागणिक बदलते ती निसर्गाची असू शकत नाही.

येथे आम्ही मज्झिम निकायातील मधुर सुत्ताकडे लक्ष वेधू इच्छितो. मधुरेचा राजा अवन्तिपुत्त महाकच्चान थेरांना विचारतो की, ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण होय असे ब्राह्मण म्हणतात, ते कसे? थेर उलट विचारतात: शूद्राजवळ भरपूर धनधान्य व सोनेरुपे असेल तर त्याच्या आधी उठणारे, त्याच्या नंतर झोपणारे व त्याची मर्जी सांभाळणारे क्षत्रिय आणि ब्राह्मण त्यास मिळतील की नाही? राजास 'मिळतील' असे कबूल करावे लागते. मग वर्णश्रेष्ठता ही जगातील नुसती 'घोस', म्हणजे नुसती बोलवा आहे, असा निष्कर्ष थेर काढतात.

बोलवा म्हटली तरी ती निर्बळ नसते. पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट कानी पडली की ऐकणाराही ती आपल्याविषयी खरी मानू लागतो. थेरगाथेत सुनीत थेरांचे आत्मकथन आहे. नीच मानलेल्या कुळात जन्म, घरी दारिद्र्य व अन्नाची टंचाई, निर्माल्याची फुले झाडण्याचे काम. लोक तुच्छ लेखीत, आणि तेही मन खाली घालून सर्वांना नमत असत. दारिद्र्य व कुळ हे भेद बाहेरचे झाले. मन खाली घालणे हा त्याच भेदांचा आत उमटलेला ठसा होय. भगवान बुद्धांना पाहताच सुनीतांनी हातातील ओझे टाकले व प्रव्रज्या मागितली, आणि बुद्धांनी त्यांना संघात घेतले. येथे सुनीतांचा वायाम निःसंशय आहे. परंतु त्याच्या जोडीने दोन गोष्टी तेथे उपस्थित होत्या: त्यांच्यासाठी थांबणारा एक पुरुष, आणि त्यांना आत घेणारा एक संघ. या दोन गोष्टी नसत्या तर त्यांच्या इच्छेस वाट सापडली नसती.

५. एक कठीण स्थळ

वरील विवेचनास विरोधी वाटणारे एक सुत्त तिपिटकात आहे, आणि ते वाचकांपासून लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्तात शुभ नावाचा ब्राह्मण तरुण विचारतो की, माणसांत कोणी अल्पायुषी, कोणी दीर्घायुषी, कोणी दरिद्री, कोणी धनवान, कोणी नीच कुळातला, कोणी उच्च कुळातला, असे का? उत्तरात या भेदांचा संबंध पूर्वजन्मीच्या आचरणाशी जोडलेला आहे. दान न देणारा पुढे दरिद्री होतो, गर्विष्ठ माणूस पुढे नीच कुळात जन्मतो, अशी उदाहरणे तेथे येतात.

बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी बौद्ध धम्मापुढील जे चार प्रश्न मांडले, त्यांत आत्मा, कर्म व पुनर्जन्म यांचा प्रश्न आहे. ग्रंथात पुढे त्यांनी दाखवून दिले आहे की, दारिद्र्य व हीन जन्म पूर्वकर्माचे फळ मानले तर दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावर वा समाजावर उरतच नाही. आणि महाकारुणिक म्हणून ज्ञात असलेल्या बुद्धांनी असा सिद्धांत सांगितला असेल हे संभवत नाही. भाणकांच्या मुखपरंपरेत बुद्धवचनांची सरमिसळ झाली असणे शक्य आहे, हेही त्यांनी निदर्शनास आणले आहे.

पालीचे अभ्यासक या नात्याने आम्ही यात आणखी भर घालू इच्छितो. पहिली गोष्ट, हे सुत्त कर्त्यास पुढे पाहून सांगितलेले आहे: दान न देणे हा दारिद्र्याकडे नेणारा मार्ग होय, म्हणून दान दे. परंपरेत मात्र ते मागे पाहून वाचले गेले: हा दरिद्री आहे, तेव्हा याने दान दिले नसावे. पहिल्या वाचनातून आचरण निपजते, दुसऱ्यातून तुच्छता. दुसरी गोष्ट, याच्या लगतच्या महाकम्मविभंग सुत्तात, एखादे उदाहरण पाहून कर्माविषयी सरसकट विधान करणाऱ्यांस बुद्धांनी चुकीचे ठरविले आहे; आणि अंगुत्तर निकायात कर्मविपाकाची गणना चार अचिंतनीय विषयांत केली आहे. शेजाऱ्याच्या झोपडीकडे बोट दाखवून 'हे त्याच्या कर्माचे फळ' असे म्हणण्याचा अधिकार तिपिटक कोणासही देत नाही.

६. पच्चय अनेक, वायाम त्यांतील एक

अभिधम्म पिटकातील पट्ठान या ग्रंथात पच्चयांचे म्हणजे कारणसंबंधांचे चोवीस प्रकार सांगितले आहेत. कर्म हा त्यांतील एक. दुसरा एक 'उपनिस्सय', म्हणजे बळकट आधार. या आधारांत पट्ठान ऋतू, भोजन, निवास आणि सहवासातील व्यक्ती यांचा स्पष्ट उल्लेख करते. यांच्या आधाराने माणूस दान देतो, शील पाळतो, ध्यान करतो. आणि यांच्याच आधाराने त्याच्या हातून अकुशल कर्मेही घडतात. घर, अन्न आणि सोबत यांना अभिधम्माने नैतिक जीवनाची कारणे म्हणून मान्यता दिली आहे. यापेक्षा निःसंदिग्ध विधान शोधण्याची गरज नाही.

मात्र परिस्थिती माणसाचे जीवन घडविते, याचा अर्थ परिस्थितीच सर्वस्व ठरविते असा नव्हे. तसे मानणे म्हणजे पूर्वकर्माच्या जागी परिस्थितीस बसविणे होईल, आणि छंद व वायाम पुन्हा निरर्थक ठरतील. चक्कवत्तिसीहनाद सुत्ताच्या अखेरीस, सर्वत्र शस्त्रांचा कहर चालू असता काही माणसे रानात लपून राहतात, सात दिवसांनी बाहेर येतात, जिवंत राहिलो म्हणून परस्परांस कवटाळतात आणि हत्या सोडण्याचा निश्चय करतात. तेथून जगाची स्थिती पुन्हा सुधारू लागते. पच्चयांच्या साखळीत माणसाचा निश्चय ही देखील एक कडी आहे. ती एकमेव कडी नाही, आणि ती गळूनही जात नाही.

बाबासाहेबांचे चरित्र याचे आपल्या सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण होय. त्यांचे पिता रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार व सैनिकी शाळेतील शिक्षक होते. सैन्याचे दार त्या पिढीस उघडे होते, म्हणून घरात अक्षर आले. घर कबीरपंथी होते, म्हणून जन्मावरून श्रेष्ठ-कनिष्ठ न मानणारा विचार लहानपणी कानी पडला. पुस्तके घेण्यासाठी रामजींनी विवाहित मुलींचे दागिने मागून आणून गहाण ठेवले. तरीही ओढाताण इतकी होती की थोरले बंधू आनंदराव यांना शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी १९०७ साली स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कला गेला. बाबासाहेबांच्या असामान्य प्रज्ञेस व कष्टास यामुळे उणेपणा येत नाही. पण एका आईची दोन मुले वेगळ्या वाटांनी का जातात, याचे उत्तर या घरात स्पष्ट दिसते. आनंदराव आळशी नव्हते. दोघांना पुरेल एवढा आधार त्या घरात नव्हता, आणि जो होता तो एकासाठी एकवटला गेला.

बाबासाहेबांना याची जाणीव होती, म्हणून त्यांनी आपल्या यशाचा उपदेश केला नाही, तर इतरांसाठी पच्चय उभे केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले, ही त्यांची उभारणी. राजकीय समता देऊन सामाजिक व आर्थिक विषमता तशीच ठेवणे हा अंतर्विरोध होय, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. रक्षण दिले पण धन दिले नाही, या सुत्तातील राजाची चूक स्वतंत्र भारताने करू नये, हाच त्या इशाऱ्याचा आशय होय, असे आम्हांस वाटते.

परिणाम काय झाला? २०११ च्या जनगणनेत देशाचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. बौद्धांचे सुमारे ८१ टक्के. देशातील स्त्रियांचे सुमारे ६५ टक्के, तर बौद्ध स्त्रियांचे सुमारे ७४ टक्के. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाटीला हात लावण्याची मनाई होती, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची ही स्थिती आहे. दोन-तीन पिढ्यांत कोणाची पूर्वजन्मीची कर्मे बदलली? बदलले ते पच्चय, आणि त्यांवर स्वार झालेला वायाम. मात्र सरासरी मागे राहिलेल्यांस झाकून टाकते, हेही विसरता कामा नये. त्या तरुणाचा भाऊ कोणत्याही सरासरीत दिसत नाही.

७. समारोप

प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणास आम्ही त्या दिवशी उत्तर देण्याऐवजी एक प्रश्न विचारला: 'तुमच्या महाविद्यालयाच्या फीचे पैसे कोठून आले?' तो थोडा वेळ थांबला व म्हणाला, 'सर, भावाने सातवीतून शाळा सोडली. त्याच्या मजुरीतून आले.' वर्गातील इतरांनाही मग अधिक काही सांगण्याची आवश्यकता उरली नाही.

आपल्यापैकी जो कोणी शिकला तो कोणाच्या तरी मजुरीवर, कोणाच्या तरी गहाण पडलेल्या डोरल्यावर आणि एका चळवळीच्या बळावर शिकला. हे जाणणे म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद आपल्या घरात पाहणे होय. जो ते पाहतो तो मागे राहिलेल्यास 'नशीब' म्हणत नाही, 'आळशी' म्हणत नाही. त्याच्या मुलांना कोणता आधार हवा आहे, असे तो विचारतो. बी हवे आहे की भांडवल, अभ्यासास बसण्याची जागा हवी आहे की व्याजाच्या फासातून सुटका हवी आहे, की मान वर करून बोलता येईल अशी सोबत हवी आहे? आपल्या प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीपुरते एवढे शोधले आणि त्यानुसार एक अभ्यासिका, एक ग्रंथालय, एखाद्या मुलीची एका वर्षाची फी इतके जरी उभे केले, तरी तो विहार पट्ठानाच्या अर्थाने कोणाचा तरी 'उपनिस्सय' होईल. शासनाकडे व्यवस्था मागत राहणे आणि आपल्या हातून आधार देत राहणे, ही दोन्ही कामे धम्माचीच आहेत.

त्या तरुणाच्या भावाची मुलगी यंदा दहावीस आहे, असे त्यानेच नंतर सांगितले. तिच्या पुढील शिक्षणाचा भार आता आपण घेणार, असेही तो म्हणाला. ती वंदना घेऊन परतण्याची वेळ होती, त्यामुळे अधिक बोलणे झाले नाही. सुत्तवाचनाचा तो वर्ग फलदायी झाला, असे आम्ही मानतो.